मक्याचा सातबारा

आमच्या इमारतीतले वकीलसाहेब कुत्र्याला कुत्रा म्हणत नसत. ‘मिळकत’ म्हणत. शेत ही मिळकत, फ्लॅट ही मिळकत, गच्चीवरची पाण्याची टाकी ही सामाईक मिळकत, आणि तिसऱ्या मजल्यावरचा मक्या ही ‘वादग्रस्त जंगम मिळकत’. जंगम म्हणजे जी जागेवरून हलवता येते ती. मक्याला जागेवरून हलवणं किती कठीण आहे, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

परवा तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत की, तुमच्या शाळेतल्या मैत्रिणीचे आईवडील वेगळे झाले आणि मांजर कोणाकडे किती दिवस राहणार हे म्हणे वकिलाच्या कागदात लिहिलंय, तर आजी, तुमच्याकडे असं असतं का? असतं. निदान एकदा तरी झालं आहे, आणि त्या कागदाची इंग्रजी प्रत मी स्वतः टाइप केली आहे. फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं, तुमची झोपायची वेळ झाली होती. म्हणून लिहून पाठवते.

मी मनवेलपाड्यात राहायला आले त्या आठवड्यात हे गृहस्थ मला जिन्यात भेटले. पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि दंडावर घडी करून टाकलेला काळा कोट. तो कोट अंगात घातलेला मी कधीच पाहिला नाही. मी माझं नाव सांगितलं. ते म्हणाले, “चतुःसीमा?”

मला काही कळेना. मग त्यांनीच माझ्या फ्लॅटच्या चारही बाजू मोजून सांगितल्या. “पूर्वेस जिना, पश्चिमेस नाला, उत्तरेस शिंपी, दक्षिणेस मोकळी हवा. म्हनजे पहिला मजला, दोन नंबर. बरोबर ना, बाई?” बरोबर होतं. मी शाळेत चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे ‘म्हणजे’चं ‘म्हनजे’ झालं की माझा हात लाल पेनकडे जातो. त्यांच्यापुढे तो हात मी पहिल्याच दिवशी खाली ठेवला. ते कामणच्या पुढच्या खाडीकाठच्या गावातले. घरात भातशेती करणारे सगळे, वकील झालेले हे एकटेच. कोर्टातली त्यांची मराठी कडक इस्त्रीची असे, पण घरी आल्यावर ती कपड्यांबरोबर उतरवून ठेवत.

कशाचाही कागद केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मी एकदा पंखा पुसायला त्यांची शिडी मागितली. शिडी आली, आणि तिच्या मागोमाग एक फुलस्केप आला. ‘सदर शिडी, पायऱ्या पाच, पैकी तिसरी किंचित सैल, ही बाब लिहून घेणार यांस समक्ष दाखविण्यात आली आहे.’ मी शिडी एक दिवस उशिरा परत केली, तेव्हा मला मुदतवाढीचा अर्ज करायला लावला. मला व्यवस्थितपणाची आवड आहे हे तुम्ही जाणता, तुमच्या आईच्या लहानपणचे मोजेसुद्धा मी नावं घालून ठेवले होते. पण या माणसापुढे मी अगदीच गबाळी ठरले. अर्ज मात्र मी केला. फाइल करून ठेवला आहे.

आयुष्यभर त्यांनी जमिनीचीच कामं केली. वाटण्या, बांधाचे तंटे, कुळांची प्रकरणं. कूळ म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन प्रत्यक्ष कसणारा माणूस. आपल्याकडे कायदा असा झाला की कसेल त्याची जमीन. मालकाला वाटलं म्हणून कुळाला हाकलता येत नाही. वकीलसाहेबांचा या एका वाक्यावर एखाद्या मंत्रासारखा विश्वास होता. भाजीवालीच्या जागेवर दुसऱ्या कुणी टोपली ठेवली, तरी ते खिडकीतून ओरडत, “ए, ती कूळ आहे तिथली!”

आता तिसऱ्या मजल्याकडे येते. तिथे तुषार आणि केतकी हे जोडपं राहायचं, आणि तुषारची आई, जिला सगळी इमारत काकू म्हणते. काकू राजापूरकडच्या. नवरा गेल्यावर लेकाने त्यांना इकडे आणलं. पावसाळ्यात एकदा तुषार आणि केतकी चिंचोटीच्या धबधब्यावर गेले आणि येताना एक भिजलेलं पिल्लू घेऊन आले. मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईच्या हातगाडीखाली सापडलं, म्हणून मक्या. केतकी त्याला मॅक म्हणे. काकू ‘मेल्या’ म्हणत, आणि तो फक्त या तिसऱ्या नावाला ओ देई.

“मेल्या, तुझ्यामुळे माझं सोवळं बुडालं,” असं म्हणत काकू त्याचे पाय पुसायच्या. “मेल्या, तुला खीर लागते होय रे?” असं म्हणत खीर द्यायच्या. त्यांच्या तोंडी मक्याबद्दल चांगला शब्द मी ऐकला नाही.

चार वर्षांनी तुषार-केतकीचं पटेनासं झालं. भांडणं मोठी नव्हती, पण बारीक पावसासारखी सतत होती. दोघांनी समजुतीने वेगळं व्हायचं ठरवलं. तुषारला पुण्यात नोकरी मिळाली होती, केतकीने वसईत भाड्याने घर पाहिलं. दोघांच्या नावावरचा फ्लॅट दिवाळीनंतर विकायचा ठरला. सगळं शहाण्यासारखं वाटून झालं, फ्रिजसुद्धा. आणि मग मक्यावर येऊन गाडी अडली.

दोघांच्याही वकिलांनी हात झटकले. आपल्या कायद्याला मूल कळतं. कुत्रा मात्र कपाटासारखी वस्तू. ‘हे बाहेर मिटवा, कोर्टात हसं होईल,’ असं त्यांना सांगण्यात आलं. म्हणून एका रविवारी दोघं वकीलसाहेबांकडे गेले. त्यांच्या घरात खुर्च्यांवर फायली बसलेल्या असत, त्यामुळे बैठक माझ्या जेवणाच्या टेबलावर भरली. मला विचारलं नव्हतं. एक कागद मात्र आला, ‘टेबलाच्या तात्पुरत्या वापराबाबत’.

“डॉक्टरच्या फाइलवर माझं नाव आहे,” केतकी म्हणाली. “सगळी इंजेक्शनं मी दिलीत, सर. तो रडतो तेव्हा माझ्या मांडीत डोकं खुपसतो.”

“खुपसतो, कारण तुझ्या मांडीवर चिप्सचं पाकीट असतं,” तुषार म्हणाला. “हातगाडीखाली आधी कोणी पाहिलं त्याला? मी. शर्टात गुंडाळून कोणी आणला? मी.”

“शर्ट माझा होता.”

“तुला मी गिफ्ट दिलेला!”

वकीलसाहेबांनी हात वर केला. “पेरलं कोनी ते सांगताय दोघं. कसलं कोनी?”

तेवढ्यात दारातून काकूंचा आवाज आला. “मेल्या, सव्वाबारा झाले. ह्यांची मीटिंग काय संपत नाही, तू जेवून घे.” टेबलाखाली पसरलेली वादग्रस्त जंगम मिळकत उठली, तिने अंग झटकलं आणि दोन्ही दावेदारांकडे पाठ करून वर निघून गेली.

वकीलसाहेब तिच्या शेपटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पीकपाहनी करावी लागेल.”

पीकपाहणी म्हणजे तलाठी बांधावर जाऊन पाहतो की या तुकड्यात खरोखर कोण कसतंय आणि काय पिकवतंय, आणि ते सातबाऱ्यावर लिहितो. सातबारा म्हणजे शेताची जन्मपत्रिका समजा. वर मालकाचं नाव, बाजूला इतर हक्कांत कुळाचं, खाली पीक. तर या गृहस्थांनी मक्याचा सातबारा करायला घेतला, आणि तोही अगदी गंभीरपणे.

आधी मूळ मालकी. त्यासाठी भर पावसात रिक्षा करून ते चिंचोटीला गेले आणि ती कणसंवाली शोधून काढली. “बाई, चार वर्षांमागं तुमच्या गाडीखालून एक पिल्लू नेलं, तुमची काय हरकत?” बाई म्हणाली, “हरकत कसली? आनखी तीन आहेत, ती पन न्या.” हे त्यांनी ना-हरकत म्हणून लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला, आणि उरलेली तीन न नेण्याबद्दल आपला खुलासाही जोडला.

मग चतुःसीमा. तो परिच्छेद मी टाइप करताना हात थांबले. ‘पूर्वेस नाक, पश्चिमेस शेपूट, उत्तरेस डावी कूस, दक्षिणेस उजवी कूस.’

“साहेब,” मी म्हटलं, “कुत्रा वळला तर?”

त्यांनी चष्मा काढला. मग माझ्याच पेनने त्यावर लिहिलं, ‘सदर कुत्रा पूर्वाभिमुख उभा असता.’ आणि मला म्हणाले, “तुमी वकील व्हायला पायजे होतं, बाई.” चाळीस वर्षांत इतकं चांगलं प्रशस्तिपत्र मला शाळेने दिलं नाही.

प्रत्यक्ष पाहणी पंधरा दिवसांची ठरली. ते फाटकाजवळच्या बाकावर मोठं रजिस्टर घेऊन बसत. सकाळी कोणी खायला घातलं, कोणी फिरवलं, पाय कोणी पुसले, रागावलं कोण, असे रकाने आखलेले. सहाव्या दिवशी मी खाली गेले तर पानावर आडवी रेघ मारलेली. खाली लिहिलं होतं, ‘आज पाहणी अधिकाऱ्याने मिळकतीस दोन ग्लुकोज बिस्किटे दिली. कालही दिली होती. मिळकत पाहणी अधिकाऱ्याकडे कलते आहे. पाहणी दूषित. रद्द.’

“कुनाला कळलं असतं?” मी त्यांचीच नक्कल करत विचारलं.

“रजिस्टरला,” ते म्हणाले. मक्या तेव्हा त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला होता.

दुसरी पाहणी माझ्या गॅलरीतून झाली, म्हणजे मिळकतीला वास येणार नाही. मला पंच नेमलं. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मी चहा ठेवायची आणि ते खाली बघत लिहायचे. पंधरा दिवसांनी पान उघडलं तेव्हा केतकीचं नाव आठ-नऊ ठिकाणी होतं, तुषारचं चार-पाच. दोघांवर अन्याय नको, केतकीला कामावरून यायला आठ वाजत आणि तुषार पुण्याच्या फेऱ्यांत होता. पण उरलेलं पान वरपासून खालपर्यंत एकाच नावाने भरलं होतं. काकू, काकू, काकू. रागावण्याच्या रकान्यात तर दुसरं नावच नव्हतं.

पुढची बैठक पुन्हा माझ्याच टेबलावर. या वेळी तुषार आणि केतकी कधी नव्हे ते एकमताने आले होते. त्यांनी आपसात तोडगा काढला होता आणि इंग्रजीत छान छापूनही आणला होता. मक्या एक आठवडा वसईला, एक आठवडा पुण्याला. रविवारी संध्याकाळी देवाणघेवाण.

“म्हनजे सामाईक विहिरीच्या पान्याची पाळी लावलीत,” वकीलसाहेब म्हणाले.

“सर, बाहेरच्या देशांत असंच करतात,” केतकी म्हणाली.

“असेल. बरं, आनि काकू कुठं जानार?”

तुषारला हा प्रश्न विषयाबाहेरचा वाटला. “आई? आई तीन महिने पनवेलला ताईकडे. मग तीन महिने राजापूरला काकांकडे. मग थोडे दिवस माझ्याकडे, जरा सेटल झालो की.”

“काकूंना विचारलं?”

“आई काय बोलणार? तिचं काही म्हणणं नसतं.”

वकीलसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एक छापलेला, आणि दुसरा, ज्यावर त्यांनी तुषारचं बोलणं तिथल्या तिथे उतरवून घेतलं होतं. “कुत्र्याची पाळी आठवड्याची,” ते म्हणाले, “आनि आईची तीन महिन्यांची. बरोबर लिवलंय ना मी? तपासून घ्या.”

मी चहाचे कप उचलायला उठले आणि तशीच उभी राहिले. केतकीने तो कागद ओढून वाचला. तिचे कान लाल झाले. लग्नानंतर साडेचार वर्षं काकूंच्या हातचं जेवत होती ती, आणि फ्रिज कोणाला हे ठरवताना तिलाही काकूंची आठवण झाली नव्हती.

“मला चालेल,” ती म्हणाली.

“काय चालेल?” तुषार.

“मॅक इथेच राहू दे. त्यांच्याकडे. मी शनिवारी येईन. फ्लॅट विकायची घाई कोणाला आहे? मला नाही.”

तुषार बराच वेळ टेबलावरचं फुलाफुलांचं प्लास्टिक नखाने खरवडत बसला. ते प्लास्टिक आता तिथे फाटलं आहे. मग त्याने शेवटचा मुद्दा काढला, “आणि उद्या मक्या गेला तर? कुत्रा किती वर्षं जगतो?”

वकीलसाहेब जणू याच प्रश्नाची वाट पाहत होते. “तुषारशेठ, पीक गेलं म्हनून कूळ जात नाय.”

तर असा करार झाला. ‘मक्या ऊर्फ मॅक ऊर्फ मेल्या’ या मिळकतीचे मालक दोघे, समसमान. इतर हक्कांत कूळ म्हणून काकू. सदर मिळकत सदर इमारतीतच राहील आणि कुळास तेथून बेदखल करता येणार नाही. मी इंग्रजी प्रत करताना फार अडखळले. कुत्र्याला कूळ असतं हे इंग्रजीत कसं सांगणार? शेवटी मी विचारलं, “साहेब, हा कागद कोर्टात उभा तरी राहील का?”

“एक मिनिट नाय,” ते म्हणाले. “कोर्टात कशाला नेतंय कोन?”

खरंच कुणी नेला नाही. पाच वर्षं झाली. केतकी शनिवारी येते, आता तिच्याबरोबर तिचा नवा नवराही येतो आणि काकू त्याला मक्याइतकंच रागावतात. तुषार महिन्यातून दोनदा येतो. मक्या म्हातारा झाला आहे, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर बसतो. वकीलसाहेब गेल्या वर्षी मुलीकडे नाशिकला राहायला गेले. जाण्याआधी त्यांनी इमारतीतल्या प्रत्येकाकडून ‘यांच्याकडून काही येणे नाही’ असं लिहून घेतलं. मी लिहून दिलं, पण ते खरं नव्हतं.

एक गोष्ट राहिली, आणि मला वाटतं तीच मुख्य होती. कुठलाही कागद ते स्वतः मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कुणाला सही करू देत नसत. लिहायचे कोर्टाच्या भाषेत, वाचायचे आपल्या घरच्या बोलीत. ‘बेदखल करणार नाही’ असं लिहिलेलं असेल तर वाचताना म्हणत, ‘हाकलनार नाय’. असं का, ते मी एकदा विचारलं. म्हणाले, नवीन वकील झालो तेव्हा घरच्या जमिनीची वाटणी झाली, आणि आत्याचं हक्कसोडपत्र मीच लिहिलं. हक्कसोड म्हणजे बहिणीने भावांसाठी आपला वाटा सोडायचा, आमच्याकडे रीतच आहे ती. आत्याने हसत हसत अंगठा दिला. वर्षभराने ती भाताच्या कापणीला आली आणि बांधावर उभं राहून तिने विचारलं, ‘माझा तुकडा कुठला रे?’ आता त्या जागी गोदामं झाली आहेत. “कागद बरोबर होता, बाई,” ते म्हणाले, “फकस्त कोनी तिला वाचून नव्हता दाखवला.” एवढं बोलून ते शिडी मोजायला लागले.

तर सहीच्या दिवशी सगळे माझ्या टेबलाभोवती होतो. काकू पहिल्यांदाच बैठकीत खुर्चीवर बसल्या होत्या, अगदी कडेला, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. त्यांना वाटलं होतं, साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. वकीलसाहेबांनी कागद त्यांच्यासमोर धरला आणि सावकाश वाचायला सुरुवात केली. नाक, शेपूट, कणसंवाली, सगळं. काकू पदरात तोंड लपवून हसत होत्या. मग ते कुळाच्या कलमावर आले. “ही काकू मक्याला सांभालते म्हनून ती या घरात राहील. तिला हितनं कोनी हाकलनार नाय. मक्या असो की नसो.”

काकूंचं हसू थांबलं.

“हे काय?” त्या म्हणाल्या. “हे कुणी घातलं?”

“आमी लिवलंय. या दोघांनी कबूल केलंय.”

“पुन्हा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. केतकीकडे पाहिलं, तिने हलवली. तुषारकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. टेबलावरचा कागद दोन बोटांनी उचलला आणि लेकापुढे सरकवला.

“तू वाच,” त्या म्हणाल्या.

“आई, आत्ताच तर साहेबांनी...”

“साहेबांनी वाचलं ते ऐकलं मी. तू वाच.”

तुषारने वकीलसाहेबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेरच्या नाल्याकडे पाहत होते. त्याने कागद घेतला, कलम शोधलं आणि वाचलं, कोर्टाच्या मराठीत, जसं लिहिलं होतं तसंच. ‘बेदखल’ या शब्दाखाली त्याने बोट ठेवलं. मग पुढे गेला. “करणार नाही,” त्याने वाचलं, आणि मग कागदात नसलेलं, अगदी हळू म्हणाला, “नाही करणार गं.”

काकूंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

“हां,” त्या म्हणाल्या. “आता सही कुठं करायची ते दाखव.”